दुसऱ्याच्या पिशवीतलं सोनं

आमच्या आईला एसटीत कधी झोप लागली नाही. कळस ते बारामती हा काही मोठा प्रवास नव्हे, पण लग्नकार्याला निघालेली आई खिडकीशी ताठ बसायची आणि गाडीत चढणाऱ्या प्रत्येक बाईला न्याहाळायची. त्या वेळी तिच्या अंगावर सगळं खोटं असायचं. हातात पाटल्यांच्या जागी एक ग्रॅमच्या बांगड्या, गळ्यात बोरमाळेच्या जागी बारामतीच्या बाजारातून घेतलेली पिवळीधमक माळ. खरं सोनं त्याच गाडीत असायचं, पण तिच्याजवळ नसायचं. ते कुठं आहे हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नसायचं, आणि ज्याच्याजवळ असायचं त्याला तर मुळीच नाही.

प्रवासात सोनं सांभाळायच्या आमच्याकडच्या बायकांच्या नाना तऱ्हा. कुणी मंगळसूत्र ब्लाऊजच्या आत पिनेनं अडकवते, कुणी परकराला आतून खिसा शिवून घेते, कुणी जेवणाच्या डब्यात भाकरीखाली ठेवते. आई या सगळ्यांना नावं ठेवायची. तिचं म्हणणं असं की पिनेला नाहीतर खिशाला हात लावून बघितल्याशिवाय बाईला चैन पडत नाही. गाडीनं गचका दिला की हात छातीशी जातो, स्टँडवर रेटारेटी झाली की कमरेशी जातो, आणि चोर नेमकं तेवढंच बघत उभा असतो. मी इंदापुरात एका पतसंस्थेत नोकरीला लागले तेव्हा तिला म्हटलं, लॉकर घेऊन टाक, डोक्याचा ताप तरी जाईल. तर मला म्हणाली, लग्नात काय लॉकरची किल्ली गळ्यात घालून मिरवू का.

"ज्याला ठावं असतं त्याचा हात तितं जातो," हे तिचं वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. "म्हनून ज्याच्यापाशी हाय त्याला सांगायचंच न्हाय."

मला याचा पहिला अनुभव आला तो शाळेत असताना. मामांच्या गावी, लोणी भापकरला, कुणाच्या तरी लग्नाला गेलो होतो. अभ्यास बुडेल म्हणून मी दप्तर बरोबर घेतलं होतं. वाटेत मी ते दप्तर पायाखाली टाकलं, त्याच्यावर बसले, बारामतीच्या स्टँडवर ते बाकड्यावर ठेवून पाणी प्यायला गेले. मामांच्या घरी पोचल्यावर आईनं मागच्या खोलीत दार लोटून घेतलं, माझं दप्तर उघडलं आणि वह्यांच्या मधे कोंबलेल्या माझ्या जुन्या मोज्यातून बोरमाळ बाहेर काढली. मला घाम फुटला. मग राग आला. मी रडत म्हणाले, हरवलं असतं म्हणजे? आई गळ्यात माळ घालत म्हणाली की तुला ठाऊक असतं तर तू ते दप्तर पोटाशी धरून बसली असतीस, आणि मग खरंच हरवलं असतं. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, पुढं कितीतरी दिवस मला हमाल म्हणून चिडवायचा.

पण खरं सांगायचं तर मला त्या हमालीचा अभिमान वाटायचा. आई कुणाच्याही पिशवीत सोनं ठेवत नसे. दादाच्या तर कधीच ठेवलं नाही; त्याची पिशवी गाडीत राहायची, तो घरी यायचा. आबा, आमचे वडील, तंबाखू शोधायला पिशवीत दहादा हात घालायचे, म्हणून ते बाद. राहिले मी. माझं लग्न होऊन मी इंदापूरला गेले, नोकरी लागली, तरी कुठल्याही कार्याला आई, मी आणि वहिनी एकत्र निघालो की ती बोरमाळ माझ्याच पिशवीत निघायची. कधी टॉवेलच्या घडीत, कधी पावडरच्या रिकाम्या डब्यात, आणि तिची सगळ्यात आवडती जागा म्हणजे बायकांच्या त्या पॅडच्या पाकिटात. जिथं बाप्याचा हात जायचा नाही तिथं, असं ती हसून म्हणायची. पोचल्यावर ती सरळ माझ्या पिशवीला हात घालायची. मी कुठं कुठं म्हणून विचारेपर्यंत माळ तिच्या गळ्यात असायची.

ही बोरमाळ तिच्या आईची. आबा गेले तेव्हा जमलेल्या बायकांनी आईचं मंगळसूत्र काढलं आणि मग कुणीतरी बोरमाळेलाही हात घातला. आईनं तो हात धरला. म्हणाली, ही त्यांनी दिलेली नाही, ही माझ्या आईनं दिलीय, त्यांच्याबरोबर हिचा काय संबंध. त्या दिवशी एवढं बोलायची हिंमत दुसऱ्या कुणी केली नसती. गावात दोन-चार महिने चर्चा झाली, मग लोकांना सवय झाली. माळेतले सोन्याचे मणी मधे मधे पिचलेले होते, त्यांच्यात भरलेली लाख वाजायची, पण ती नवी करून घ्यायला तिनं कधी सोनाराकडं दिली नाही. सोनारावर तिचा चोराइतकाच विश्वास होता.

ज्या लग्नापासून आमच्या घराला घरघर लागली ते लग्नही लोणीचंच, मामांच्या नातीचं. लग्नसराईचे दिवस, त्या दिवशी गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती हे मला पक्कं आठवतं. मी आदल्या दिवशी इंदापूरहून कळसला येऊन राहिले होते. सकाळी आई, वहिनी आणि मी निघालो. दादा ऊस तोडणीच्या मागं होता, तो दुपारी मोटरसायकलवर येणार होता. बारामतीला गाडी बदलली तेव्हा आईला आणि वहिनीला जागा मिळाली, मला नाही. मी दांडी धरून उभी राहिले आणि माझी पिशवी वहिनीच्या मांडीवर दिली. वहिनीची स्वतःची पिशवी तिच्या पायाशी होती. लोणी येईपर्यंत असंच. या साध्या गोष्टीला पुढं किती किंमत येणार आहे हे तेव्हा कुणाला कळणार होतं?

मामांच्या घरी पोचलो. मागची खोली बायकांनी भरलेली. साड्या बदलणाऱ्या, गजरे माळणाऱ्या, एकीच्या डोक्यात दुसरीची पिन. आईनं हातातल्या खोट्या बांगड्या उतरवल्या आणि माझी पिशवी पुढं ओढली. मी तिच्याकडं पाठ करून साडी नेसत होते. बराच वेळ झाला तरी तिचा हात पिशवीतच आहे हे मला आरशात दिसलं. तिनं टॉवेल झटकला, पाकीट उलटं केलं, माझा डबा उघडला. पाटल्या पावडरच्या डब्यात सापडल्या. मग ती खाली बसली, पिशवी सगळी लुगड्यावर ओतली आणि म्हणाली, "बोरमाळ गेली."

मामी आल्या. कुठं ठेवली होती म्हणून त्यांनी विचारलं. आईनं क्षणाचाही विचार न करता सांगितलं की लेकीच्या पिशवीत, पॅडच्या पाकिटात, नेहमीसारखी. कुणी म्हणालं बारामतीच्या स्टँडवर गेली असेल, तिथं हल्ली फार चालतं. मामी शहाण्या. त्या म्हणाल्या, पाटल्या राहिल्या आणि माळ गेली, असा कसला चोर? खोलीतल्या सगळ्यांच्याच पिशव्या बघून घेऊ, कुणी राग मानायचा नाही, म्हणजे मनात काही राहायला नको. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. पहिली कोण हा प्रश्न होता.

वहिनीच पुढं झाली. घरची सून म्हणून आपण सुरुवात करावी, म्हणजे पाहुण्यांना वाईट वाटणार नाही, एवढंच तिच्या मनात. तिनं आपली पिशवी उचलून सतरंजीवर पालथी केली. साडी पडली, फणी पडली, औषधाची पट्टी पडली, आणि तिचं स्वतःचं पॅडचं पाकीट पडलं. ते पडताना वाजलं. मामींनी ते उचललं आणि त्यातून आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेली बोरमाळ काढली.

वहिनीचा चेहरा मी विसरू शकत नाही. तिला आधी आनंद झाला. सापडली की, असं म्हणून ती हसली. मग खोलीत दुसरं कुणीच हसत नाही हे तिच्या लक्षात आलं.

मी लगेच बोलले. म्हणाले, आई, ही तुझीच चिंधी, तुझीच गाठ. तूच वहिनीच्या पिशवीत ठेवली असशील आणि विसरली असशील. आईनं माझ्याकडं अशी नजर टाकली की जणू मीच चोरी केलीय. "मी इसरंन? सोनं?" ती म्हणाली. "तुज्या पिशवीत ठिवली मी. ह्या हातानं ठिवली."

आईला त्या दिवसापर्यंत कुणी काही विसरताना पाहिलं नव्हतं. कुणाच्या लग्नात कुणी कसल्या काठाची साडी दिली हे ती तोंडपाठ सांगायची. मामींनी मला विचारलं, वाटेत तुझी पिशवी कुणाजवळ होती? मी खरं ते सांगितलं. वहिनीच्या मांडीवर होती. झालं, सगळ्यांचं गणित तिथं सुटलं. चिंधी आईची असणारच, गाठही आईचीच असणार. सासूनं बांधून लेकीच्या पिशवीत ठेवली आणि सुनेनं वाटेत आपल्या पिशवीत ओढली. मी परत परत सांगत राहिले की आईची पद्धतच अशी आहे, ती सांगत नाही. पण पद्धत ज्यांना माहीत होती त्यांना हेही माहीत होतं की ती माझ्या पिशवीत ठेवते. वहिनी एवढंच म्हणत होती की मला माहीत नाही. चोरही तेच म्हणतो, असं मागून कुणीतरी पुटपुटलं.

दादा दुपारी आला. त्याला मांडवाच्या दारातच बातमी मिळाली. तो वहिनीला घराच्या मागं घेऊन गेला आणि मी त्यांच्या मागोमाग गेले. त्यानं तिला, तू घेतलीस का, असं विचारलंच नाही. त्यानं विचारलं, "का घेतलीस?" वहिनीनं पदराचं टोक तोंडात धरलं आणि ती भिंतीकडं वळली. तिथं मी दादाला काय काय बोलले ते आता सगळं आठवत नाही, पण त्यानं मला एकच उत्तर दिलं आणि त्या उत्तरातच सगळं होतं. तो म्हणाला, मग आई खोटं बोलती म्हणायचं का?

मला वाटतं, दादाला दोनच वाटा दिसत होत्या. एक तर बायको चोर, नाहीतर आईचं डोकं चळलंय. त्यानं त्यातल्या त्यात सोसवेल ती वाट धरली. बायकोला माफ करता येतं, आईचं डोकं परत आणता येत नाही. पण हा विचार मला पुष्कळ उशिरा सुचला. त्या दिवशी मला फक्त त्याचा संताप आला होता.

लग्न लागलं. आई बोरमाळ घालून पुढच्या खुर्चीत बसली. वहिनीनं पंगतीत वाढलं, कारण न वाढलं असतं तर तेही बोलणं झालं असतं. लोक तिच्या हातून भात घेत होते आणि पुढं गेली की माना जवळ आणत होते. ती स्वतः मात्र जेवली नाही. संध्याकाळी परत निघताना दोन्ही पिशव्या मी घेतल्या, कारण तिनं कुठल्याच पिशवीला हात लावला नाही.

त्यानंतर वहिनी लोणीला कधी गेली नाही. मामांच्या घरी कार्यं झाली, आमंत्रणं आली, ती काही ना काही निमित्त काढायची आणि कुणी आग्रहही करायचं नाही. आणि एक विलक्षण सवय तिनं लावून घेतली. कुठंही जायचं असो, माहेरी, दवाखान्यात, बाजाराला, ती निघताना आपली पिशवी ओसरीवर सगळ्यांच्या देखत पालथी करायची आणि परत भरायची. पहिल्यांदा दादानं तिच्यावर खेकसून पाहिलं. म्हणाला, कुणी मागितलंय का दाखवायला? ती शांतपणे म्हणाली, राहू द्या, बघून घेतलेलं बरं. दारात आलेलं माणूस, शेजारची बाई, कुणीही असलं तरी तिला फिकीर नव्हती. उलट असलं तर बरंच, असं तिच्या चेहऱ्यावर दिसायचं. मला ते बघवायचं नाही. सुट्टीला कळसला गेले की ती निघायच्या वेळी मी उठून परसात जायचे.

आईचं खरं काय झालंय ते हळूहळू उघडं पडत गेलं. आधी चहात दोनदा साखर. मग आबा कारखान्यावरनं आले का, असं विचारणं. मग तिनं स्वतःच्या घरात प्रवासाची तयारी सुरू केली. सकाळी उठली की खोट्या बांगड्या मागायची, खऱ्या उतरवायची, कुठंतरी कोंबायची आणि उंबऱ्यावर येऊन गाडीची वाट बघत बसायची. पाटल्या ज्वारीच्या कणगीत सापडल्या, चपलेत सापडल्या, एकदा दादाच्या हेल्मेटमधे. दर खेपेला ती सापडेपर्यंत वहिनीचं नाव घ्यायची. "हिनंच घेतली," म्हणायची, आणि ज्या हाताकडं बोट दाखवायची त्याच हातून घास घ्यायची.

शेवटी आम्ही तिला बारामतीला मेंदूच्या डॉक्टरांकडं नेलं. मी इंदापूरहून थेट दवाखान्यात पोचले. मशीनमधे घालायच्या आधी अंगावरचा सगळा धातू काढायला सांगितला होता. पाटल्या तर ती रोजच उतरवायची, त्या लगेच निघाल्या. बोरमाळ काढू द्यायला मात्र आई तयार होईना. नर्सनं हात पुढं केला, तिनं पदर गच्च धरला. दादानं मागितली, त्याला तिनं ओळखलं नाही. मी पुढं झाले. म्हणाले, आई, माझ्याकडं दे, नेहमी माझ्याकडंच असते की. तिनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं आणि मग पदर आणखी पुढं ओढून घेतला. स्टँडवर एखादी अनोळखी बाई गोड बोलायला लागली की ती असाच घ्यायची. मी मागं सरले.

मग तिनं स्वतःच माळ काढली आणि दाराशी उभ्या असलेल्या वहिनीपुढं धरली. "ही घे," म्हणाली. "तू ठिव. बाकीच्यांचा काय नेम न्हाय."

वहिनीनं दोन्ही हात पाठीमागं नेले. आई हात लांबवून तशीच उभी. माळेतली लाख वाजत होती. नर्स खोळंबली होती. वहिनीनं हात पुढं आणले नाहीत. अखेर दादानं आईच्या हातातून माळ घेतली आणि खिशात घातली, आणि आई रडायला लागली की त्या माणसानं माझं सोनं नेलं.

त्या वेळी माझ्या डोक्यात उजेड पडला. लोणीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी कळसच्या घरात आईनं बोरमाळेसाठी पहिल्यांदाच माझी पिशवी सोडून वहिनीची धरली होती; पाटल्या तेवढ्या माझ्याकडं ठेवल्या होत्या. मी सणासुदीला येणारी, वहिनी रोजची. आईच्या मनानं तिच्याही नकळत माणूस बदललं होतं, आणि नंतर तिच्या आठवणीनं जुनंच माणूस उभं केलं. मला हेवा वाटला. आईनं इतक्या वर्षांत मला कधी, बाकीच्यांचा काय नेम नाही, असं म्हटलं नव्हतं. बाहेर बाकड्यावर बसल्यावर मी वहिनीला हे सगळं सांगितलं. म्हटलं, आईचा सगळ्यात जास्त विश्वास ज्याच्यावर, त्याच्याच पिशवीत ती ठेवायची. तुझ्यावर होता म्हणून तुझ्या पिशवीत ठेवली. हे ऐकून तिला बरं वाटेल असं मला वाटलं होतं.

वहिनी समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाली, "इस्वास हुता तर सांगायचं हुतं, वन्सं."

आईच्या त्या हुशारीचं आम्ही सगळ्यांनी इतकं कौतुक केलं होतं, पण ज्याच्या पिशवीत दुसऱ्याचं सोनं गपचूप ठेवलंय त्याची बाजू कुणी कधी बघितलीच नव्हती. मी लेक होते. माझ्या दप्तरात सापडलं तर हसू व्हायचं. सुनेच्या पिशवीत सापडलं की चोरी होते, हे आईसारख्या बाईला कळायला हवं होतं. कदाचित तिला कळतही असेल. पण सगळं सुरळीत पार पडणार अशीच तिची खात्री असणार, कारण तोपर्यंत ती कधी विसरली नव्हती.

डॉक्टरांनी दादाला समोर बसवून आजार समजावला. म्हणाले, अशी माणसं वस्तू लपवतात, विसरतात, आणि जे सगळ्यात जवळ राहून करतं त्याच्यावरच आळ घेतात. हे कधीपासून सुरू झालं असेल, असं दादानं विचारलं. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला दिसायच्या पुष्कळ आधी. दादानं मान खाली घातली ती गाडीत बसेपर्यंत वर केली नाही. घरी आल्यावर तो वहिनीला म्हणाला की आजारच होता म्हणायचा तो, झालं गेलं आता डोक्यातनं काढ. एवढी त्याची माफी. वहिनी म्हणाली, भाकरी टाकू का.

पुढची वर्षं वहिनीनं काढली, आम्ही फक्त बघितली. आईला न्हाऊ घालणं, कपडे बदलणं, एकेक घास चारणं, आणि त्याबरोबर रोज चोर ऐकणं. बोरमाळ आईच्या गळ्यात असायची आणि आई वहिनीला म्हणायची, माझी माळ दे. वहिनीनं एकदा आरसा आणून तिच्यापुढं धरला. बघा, तुमच्याच गळ्यात हाय. आईनं आरशात निरखून पाहिलं आणि म्हणाली, ती म्हातारी कोण हाय? तिनं घेतली व्हय. त्या दिवशी वहिनी हसली, खूप दिवसांनी, आणि हसता हसता स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

वहिनीला एक वेडी आशा होती, असं मला आता वाटतं. आईच्या मनावरचं धुकं कधीतरी घटकाभर सरेल, ती शुद्धीत येईल आणि म्हणेल, मीच ठेवली होती. दवाखान्यात ऐकलं होतं की अशा माणसांना मधेच कधी चांगलं आठवतं. म्हणून ती आईच्या उशाशी लोणीच्या लग्नाच्या गोष्टी काढायची. कोण आलं होतं, जेवायला काय होतं, आपण कुठल्या गाडीनं गेलो. मी दारातून ऐकलंय. आई कधी हुंकार द्यायची, कधी नाही. एकदा म्हणाली, लग्न छान झालं. वहिनी वाकून तिच्या तोंडाकडं बघत राहिली. आईनं डोळे मिटून घेतले.

आई मागच्या उन्हाळ्यात गेली. ते वाक्य तिच्या तोंडून आलं नाही.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले आणि घरात आम्ही तिघंच राहिलो. मला दुपारच्या गाडीनं इंदापूरला निघायचं होतं. दादानं आतून ताटलीत पाटल्या आणि बोरमाळ आणून ठेवली. पाटल्या तुझ्या, मला म्हणाला, आणि बोरमाळ तुझ्या वहिनीची. तो वहिनीकडं बघून बोलत नव्हता, ताटलीकडं बघून बोलत होता. इतकी वर्षं त्याच्या मनात अडकलेलं काहीतरी त्यानं त्या ताटलीत आणून ठेवलं होतं. मला त्याची दया आली.

वहिनीनं ताटली बोटानं परत सरकवली. मला नको, म्हणाली.

मी म्हणाले, वहिनी, ही तुझीच आहे. आईचं सगळं तू केलंस. आता सगळ्यांना ठाऊक आहे की तो आजार होता.

"माज्या गळ्यात दिसली की लोणीची मान्सं म्हनतील, शेवटी घेतलीच हिनं," ती म्हणाली.

आपण त्यांना सांगू, असं मी म्हणाले. दादाही म्हणाला, मी स्वतः जातो, सगळ्यांना सांगतो. वहिनीनं त्याच्याकडं पाहिलं. रागानं नाही, थकून पाहिलं.

"कुणाला सांगनार? मामी गेल्या. थोरलं मामा गेलं. त्या खोलीतल्या निम्म्या बायका तर वऱ्हाडाबरोबर आलेल्या, त्या कुठल्या गावच्या त्येबी मला ठावं न्हाय. सांगायचं ते तवाच हुतं. तवा सगळ्या हुत्या तितं."

दादा उठून ओसरीवर गेला. बाहेर त्याला खोकल्याची उबळ आली, का तो रडत होता, मी बघायला गेले नाही. ताटली आमच्या दोघींच्या मधे तशीच होती. बोरमाळेला उचलायला कुणीतरी हवं होतं, आणि त्या घरात ती राहू द्यायची म्हणजे वहिनीच्या माथी तिची राखण द्यायची. मी ती घेते, असं मी म्हणाले. वहिनीनं होकाराची मान हलवली. गाडीची वेळ झाली होती. मी माझी पिशवी पुढं ओढली आणि तिची चेन उघडली, तशी वहिनी घाईनं उठली आणि आतल्या खोलीत निघून गेली. मी बोरमाळ कुठं ठेवते, ते तिला बघायचं नव्हतं.